सशस्त्र गार्ड जहाजावर असताना गोळी चालवायला 'हो' कोणी म्हणायचं?

बारा_ते_चार:
पुढच्या महिन्यात बल्क कॅरियरवर सेकंड ऑफिसर म्हणून जॉइन होतोय. एडनच्या आखातातून जायचंय, म्हणून समुद्री चाच्यांपासून बचावाला चार जणांची खासगी सशस्त्र टीम चढणार आहे. रात्री तीन वाजता माझ्या पहाऱ्यात एखादी स्किफ (छोटी वेगवान बोट) सरळ आमच्या अंगावर आली, कॅप्टन अजून जिन्यात आहेत आणि टीम लीडरने मलाच विचारलं, "फायर करू?" तर? कंपनीच्या कागदात 'मास्टरच्या (म्हणजे कॅप्टनच्या) अधिकाराखाली' एवढंच लिहिलंय. मी हो म्हणालो आणि बोटीत मच्छीमार निघाले तर?

नांगर_उचला:
भर समुद्रात कोण बघतंय? जवळ आली की ठोका, कागदपत्रांचं नंतर बघू.

जुना_मास्टर:
वरचं वाचलंत तेवढं पुरे, आता विसरा. व्हीडीआर, म्हणजे जहाजाचा ब्लॅक बॉक्स, चालू असतो; ब्रिजवरचा, जिथून जहाज चालवतात तिथला, तुमचा शब्दन् शब्द त्यात जातो.

2012 ते 14 मध्ये मी गार्ड घेऊन त्या पट्ट्यातून बऱ्याचदा गेलो, गोळी एकदाही सुटली नाही. एकदा संध्याकाळी एक स्किफ थेट आमच्या रोखाने निघाली. आत माणसं उभी, हात वर. आमचा टीम लीडर ब्रिज विंगवर (ब्रिजच्या बाजूच्या उघड्या सज्जावर) गेला, रायफल दोन्ही हातांनी डोक्यावर आडवी धरली आणि तसाच उभा राहिला. मी हॉर्न दिला. स्किफ येतच राहिली. तेवढ्यात लुकआउटला पुढे जाळ्याचे फ्लोट दिसले. तो बिचारा आमचं जहाज जाळ्यावरून जाऊ नये म्हणून जिवाच्या आकांताने हात हलवत होता! सुकाणू फिरवलं, विषय संपला. त्या रात्री मला झोप लागली नाही, कारण 'घाला गोळी' हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते.

आता तुमचा प्रश्न. टीम लीडरने तुम्हाला परवानगी मागायचीच नसते. खासगी गार्डनी बळ कधी वापरायचं याच्या 2013 च्या '100 सिरीज' नियमांत तो आधी मास्टरला, आणि मास्टर हजर नसेल तर वॉचवरच्या (पहाऱ्यावरच्या) ऑफिसरला, सांगतो की मी आता हे नियम लागू करतोय. मग विनागोळीचे इशारे, मग इशाऱ्याच्या गोळ्या, आणि माणसावर गोळी फक्त जीव जाण्याचा धोका समोर येऊन ठेपला असेल तरच. माल वाचवायला नाही, पळणाऱ्या बोटीवर तर नाहीच. स्वसंरक्षणाचा हक्क प्रत्येक गार्डचा स्वतःचा, आणि चाप ओढल्याचा जाबही त्याचाच. बिमको या जहाज व्यवसायाच्या संघटनेच्या गार्डकॉन करारात (गार्ड नेमायचा नमुना करार) मास्टरला 'गोळीबार थांबवा' म्हणायचा हक्क आहे, 'मारा' म्हणायचा नाही.

तुम्ही उत्तर द्यायचं ते असं: "ऐकलं. कॅप्टनना बोलावलंय." मग अलार्म, वेग वाढवा, माणसं सिटाडेलकडे (जहाजातल्या सुरक्षित बंद खोलीकडे). आणि चाच्यांची शिडी दिसतेय का, मच्छीमारांची जाळी दिसतेय का, हे मोठ्याने बोला, म्हणजे रेकॉर्ड होईल.

एन्रिका लेक्सी हे इटलीचं तेलवाहू जहाज आठवतं ना? 15 फेब्रुवारी 2012, केरळच्या किनाऱ्यापासून साधारण 20 सागरी मैलांवर. जहाजावरच्या गार्डनी चाचे समजून दोन मच्छीमार मारले.

किनारा_दिसला:
कॅप्टन साहेब, एक दुरुस्ती. तिथे खासगी गार्ड नव्हते, इटलीच्या नौदलाचे सैनिक होते. म्हणून आंतरराष्ट्रीय लवादाने 2020 मध्ये त्यांना सरकारी नोकर म्हणून संरक्षण दिलं, आणि 10 कोटी रुपये भरपाई जमा झाल्यावर 2021 मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाने इथला खटला बंद केला. खासगी गार्डच्या मागे असं सरकार उभं नसतं.

जुना_मास्टर:
बरोबर, मी घाईत एकाच पोत्यात भरलं. खासगी गार्डला ते जास्तच जड जाईल.

बारा_ते_चार:
धन्यवाद सर. म्हणजे टीम चढली की पहिल्याच दिवशी नियमांची प्रत मागू?

जुना_मास्टर:
मागा, आणि कॅप्टनसमोर ड्रिल करून घ्या, तुमच्याच वॉचमध्ये, रात्री. टीम लीडर अंधारात नक्की कुठे उभा राहतो ते बघून ठेवा. आणि त्यांच्या रायफलला हात लावू नका, फोटोसाठीसुद्धा नाही.