डायलिसिस रुग्णाचे डोळे सतत लाल, चुरचुरतात: काय तपासावं?

प्रश्न: हिमोडायलिसिस आठवड्यातून ३ वेळा. रक्तातलं फॉस्फरस ७.८ (mg/dL). बुबुळाच्या कडेला पांढरट कण दिसतात. थेंबांनी तात्पुरतंच बरं वाटतं.

उत्तर १: कॅल्शियम-फॉस्फेट साचत असावं. थेंब फक्त चुरचुर कमी करतात. मूळ उपाय म्हणजे फॉस्फरस ५.५ च्या खाली आणणं. बाइंडरची (अन्नातलं फॉस्फरस पोटातच बांधून ठेवणारी) गोळी जेवणासोबतच घ्यायची, उपाशीपोटी ती वाया जाते. पीटीएचही (कॅल्शियम-फॉस्फरसवर ताबा ठेवणारं पॅराथायरॉइड हार्मोन) तपासा. थर बुबुळाच्या मध्यावर आला तर नेत्रतज्ज्ञ ईडीटीए (कॅल्शियम विरघळवणारं रसायन) लावून काढतात.

उत्तर २: मधुमेह असेल तर बाहुली मोठी करून पडदा तपासाच.

उत्तर ३: डायलिसिस चालू असताना डोळा ठणकला, दिव्याभोवती वलयं दिसली तर लगेच सांगा, डोळ्यातला दाब वाढलेला असू शकतो. त्यावर अ‍ॅसिटाझोलामाइड ही डोळ्याचा दाब उतरवणारी गोळी मात्र नको! मूत्रपिंडं बंद असल्यानं ती साचते, रुग्ण भ्रमिष्टासारखा वागतो. बीपी घसरल्यावर न दुखता एकाएकी दिसेनासं झालं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.