'श्रू'ला मराठीत काय म्हणायचं? त्राटिका, कजाग, कैदाशीण की आणखी काही

टिपकागद :
मंडळी, एक शब्द अडलाय. पुतणीला कॉलेजात शेक्सपिअरचं टेमिंग ऑफ द श्रू लागलंय, तिने विचारलं काका श्रू म्हणजे मराठीत काय हो, मी लगेच ठोकून दिलं 'त्राटिका'. तर म्हणे त्राटिका म्हणजे? झालं, आता 'श्रू म्हणजे त्राटिका, त्राटिका म्हणजे श्रू' असं गोल गोल किती फिरणार. म्हणून डिक्शनरी काढली तर प्राणी म्हणून जो अर्थ दिलाय तो चक्क चिचुंद्री! म्हणजे नावाचं शब्दशः भाषांतर 'चिचुंद्रीला माणसाळवणे'. कजाग, खाष्ट, जहांबाज, कैदाशीण, कर्कशा, भांडकुदळ यातला नेमका कुठला बसेल? आणि टेमिंगला काय म्हणायचं ते वेगळंच.

खडूस_आज्जी :
त्राटिका तुम्हाला पटकन सुचलं यात नवल नाही, या नाटकाचं मराठी रूपांतरच 'त्राटिका' नावाने झालंय. फर्ग्युसनचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी १८९० च्या दशकात केलेलं, शाहूनगरवासी नाटक मंडळींनी गाजवलेलं. पण शब्द नाटकाच्या कितीतरी आधीचा, रामायणातल्या ताटकेचं आपल्याकडचं बोलीतलं रूप. आणि गंमत बघा, चिचुंद्री फार तर माणसाळवतील, त्राटिकेचं काय करतात? मारतात. विश्वामित्र रामाला सांगतो हिला मार, राम बाई म्हणून जरा अडखळतो, मग बाण सोडतोच. म्हणजे नाव मराठीत आलं तेव्हा चिचुंद्रीची थेट राक्षसीण झाली.

आता ताटका चिडली का होती तेही ऐका. मूळची ती सुकेतू यक्षाची मुलगी, नवऱ्याचं नाव सुंद. अगस्त्यांनी सुंदाला मारलं म्हणून ती त्यांच्या अंगावर धावून गेली, त्यांनी शाप दिला, राक्षसी झाली. नवरा मारला म्हणून चिडलेली बाई, तिचं नाव आपण पिढ्यान्‌पिढ्या कुणाला देतो तर नवऱ्याला बोलणाऱ्या बाईला!

दुपारची_झोप :
आज्जी, भारी!! आता यावर माझी एक भर. चिडक्या बाईला त्राटिका म्हणतो, मग चिडक्या पुरुषाला काय म्हणतो? जमदग्नी! दुर्वास! "बाबा आज नुसते जमदग्नी झालेत" हे आमच्या घरचं रोजचं वाक्य होतं. म्हणजे रागीट बाप्या ऋषी आणि रागीट बाई राक्षसीण. त्यात जमदग्नीने रागात काय केलं, तर बायकोचं डोकं मुलाकडून उडवलं. तरी हा शब्द शिवी म्हणून कोणी वापरत नाही, उलट जरा कौतुकच असतं त्यात.

आणि बायकोचं ऐकणाऱ्या पुरुषाला बघा किती शब्द, बायकोचा बैल, बाईलबुद्ध्या, बायलवेडा. नवऱ्याचं ऐकणाऱ्या बाईला वेगळा शब्दच नाही, कारण ती तर नुसती 'चांगली'.

टिपकागद :
हहपुवा. पण पुतणीला परीक्षेत हे कसं लिहायला सांगू?

चौकटीबाहेर :
मी इंग्रजी शिकवतो म्हणून थोडं सांगतो, लांबण लागली तर माफ करा. श्रू हा शब्द मुळात फक्त बायकांसाठी नव्हताच. मध्ययुगीन इंग्रजीत श्रू म्हणजे दुष्ट, पाजी माणूस, तो बाप्या असला तरी चालायचा, आजचा 'श्रूड' त्यातूनच आलाय. हळूहळू बाप्यांच्या वाट्याला धूर्त, हुशार आलं आणि बायकांच्या वाट्याला कटकट उरली. शेक्सपिअरने हे नाटक लिहिलं १५९० च्या आसपास (छापलं गेलं थेट १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या संग्रहात) तेव्हा जुना अर्थ पूर्ण मेलेला नव्हता, पुरावा नाटकातच आहे. लग्न करून नायक पेट्रुशिओ कॅथरिनाला, म्हणजे नाटकातल्या 'श्रू'ला, घरी आणतो, वाटेत घोडा पडतो, ती चिखलात, तो नोकराला बडवतोय, हे सगळं ऐकून कर्टिस नावाचा घरचा गडी म्हणतो, या हिशोबाने तिच्यापेक्षा तोच जास्त श्रू. इथे 'त्राटिका' घालून बघा, बसतच नाही! कजागही जमत नाही, कजाग नवरा असं म्हणताना मी तरी कोणाला ऐकलेलं नाही. त्यातल्या त्यात 'खाष्ट' दोघांना चालतो, खाष्ट सासू तसा खाष्ट सासरा. म्हणून माझं मत खाष्टला.

टेमिंगचं म्हणाल तर तिथे चिचुंद्री नाही, ससाणा आहे. पेट्रुशिओ प्रेक्षकांना स्वतः सांगतो की माझी ससाणी आता उपाशी आहे, वाकेपर्यंत पोटभर द्यायचं नाही, आणि झोपूही द्यायचं नाही. शिकारीचे पक्षी खरोखर असेच शिकवायचे, भूक आणि जाग्रण. तसंच तो करतो, ताटात आलेलं मांस करपलंय म्हणून भिरकावून देतो, अंथरुण उसकटून टाकतो आणि वर म्हणतो हे सगळं तिच्या काळजीपोटी.

खडूस_आज्जी :
मग 'माणसाळवणे' नकोच, तो शब्द फार प्रेमळ आहे, कुत्र्याला बिस्कीट देऊन आपण माणसाळवतो. 'वठणीवर आणणे' हाच खरा, त्यात दम देणंही येतं आणि उपाशी ठेवणंही. वेसण घालणे पण चालेल पण ते बैलाचं, ससाण्याला वेसण कुठून घालणार.

भाजणी :
मी हे नाटक मराठीत नाही, इंग्लिशमध्येच वाचलंय. मला टोचलं ते नावाचं. पहिल्याच भेटीत तो तिला केट म्हणतो, ती सांगते की माझ्याबद्दल बोलणारे मला कॅथरीन म्हणतात, तर तो एका दमात दहाबारा वेळा केट केट केट करतो. आमच्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवीन नाव लिहितात, माझं लिहिलं तेव्हा गुरुजींनी नवऱ्याला विचारलं, काय लिहायचं? मला कोणी विचारलंच नाही. अजून माहेरी एक नाव, सासरी दुसरं, बँकेत तिसरीच स्पेलिंग, दर केवायसीला अॅफिडेविट.

बाकी व्यवहार पण ओळखीचाच की. थोरलीचं जमल्याशिवाय धाकटीचं करणार नाही म्हणून बाप अडून बसलेला, धाकट्या बियांकामागे रांग लागलेली, आणि पेट्रुशिओ येतो तो सरळ सांगतच की श्रीमंत बायको करायला आलोय. मुलगी बघायच्या आधी आकडा ठरतो, वीस हजार क्राऊन रोख आणि सासऱ्यामागे अर्धी जमीन. यात श्रू नक्की कोण?

दुपारची_झोप :
आणि शेवटचं ते नवऱ्याच्या पायाखाली हात ठेवायचं लांबलचक भाषण? ते काय म्हणून घ्यायचं, खरं की उपरोध?

चौकटीबाहेर :
नटीवर आहे. सरळ म्हटलं तर अंगावर काटा येतो, डोळा मारून म्हटलं तर कोणाची बायको हाकेसरशी येते या शेवटच्या पैजेत दोघांनी मिळून बाकीच्यांना गंडवलं असं वाटतं. एक लक्षात ठेवा, मूळ प्रयोगात ती नटी नव्हतीच, मुलगे बायकांची कामं करायचे.

खडूस_आज्जी :
आपल्याकडे तरी कुठे होती. शाहूनगरवासीत गणपतराव जोशींसमोर स्त्रीपार्ट करायचे बाळाभाऊ जोग. म्हणजे बायकोने कसं वागावं हे लुगडं नेसलेला बाप्या सांगणार.

अवांतर : शेक्सपिअर जिवंत असतानाच जॉन फ्लेचरने याचा पुढचा भाग लिहिला होता, त्यात कॅथरिना मेलेली आहे, पेट्रुशिओ दुसरं लग्न करतो आणि नवी बायको मारिया पहिल्याच रात्री दार लावून घेते आणि त्यालाच वठणीवर आणते. त्याचं मराठी रूपांतर माझ्या तरी पाहण्यात नाही. कोणी करणार असेल तर नाव तयार आहे, 'जमदग्नीला वेसण'.

टिपकागद :
सगळ्यांना धन्यवाद. पुतणीला पूर्ण धागा वाचून दाखवला. तिने उत्तरात 'खाष्ट' लिहायचं ठरवलंय आणि कर्टिसचं वाक्य पाठ करून ठेवलंय. तिला एकच पडलंय, एवढं उपाशी ठेवल्यावर कॅथरिनाला पोटभर जेवायला मिळतं तरी कधी. शोधलं तर शेवटचा प्रवेशच पंगतीचा निघाला, आणि तिथे कुरकुरतोय कोण, तर पेट्रुशिओ, की नुसतं बसा बसा आणि खा खा चाललंय.