मदत हवी आहे: पावसाळ्यातलं बाळंतपण, डायपर किती भरून ठेवू?

ताईंनो, जुलैच्या मध्यावरची तारीख आहे. राहायला परळला, वन रूम किचन, गॅलरी नाही. लंगोट वाळवायचे कुठे हाच मोठा प्रश्न. मुंबईच्या पावसात साधा टॉवेलसुद्धा दुसऱ्या दिवशी दमटच असतो. आई म्हणते, जुन्या सुती साड्यांची दुपटी-लंगोट पुरेत, बाळ यायच्या आधी फार खरेदी करू नये. तिचं मन मोडायचं नाहीये, पण रात्रीसाठी तरी डायपर लागतीलच ना?

नवजात बाळाचे दिवसाला ८-१० वेळा बदलावे लागतात, म्हणजे फक्त डायपरच वापरले तर महिन्याला २५०-३००. पण न्यू बॉर्न साइज साधारण ५ किलोपर्यंतच चालते आणि बाळं भराभर वाढतात. मग त्याचं एकच पाकीट घेऊन बाकी साठा स्मॉलचा करू का? नाळ पडेपर्यंत टेपवाले सोयीचे की पँटवाले?

घरी कोमट पाणी आणि कापूस, बिनवासाचे वाइप्स फक्त लसीकरणाला जाताना, असं ठरवलंय. पुरेल का? दादर-लालबागकडे होलसेल भावात कुठे मिळतात तेही सांगा, प्लीज.