मदत हवी आहे: दुसरी गाडी विकून टाकावी का? (चँडलर, अ‍ॅरिझोना)

नमस्कार मंडळी. आम्ही फिनिक्सजवळ चँडलरला राहतो. घरात दोन गाड्या, त्यातली जुनी आता सारखी खर्चात पाडतेय. इथे वेमो कंपनीच्या, फोनवरून बोलवायच्या बिनड्रायव्हरच्या टॅक्सी २०२० पासून सर्वांसाठी सुरू आहेत, म्हणून जुनी विकावी आणि नवी घेऊच नये असं मनात आहे.

गेल्या महिन्यात सांगलीहून आई-बाबा आले. आईला घेऊन वेमोने देवळात गेले. गाडीच्या टपावर ओळखीसाठी माझी आद्याक्षरं झळकली, आम्ही बसलो, पट्टे लावले. पुढची सीट रिकामी आणि स्टिअरिंग आपोआप फिरतंय! आईने माझा हात घट्ट धरला, तो तिसऱ्या सिग्नलला सोडला. बाबा बहात्तर वर्षांचे, इथे गाडी चालवत नाहीत. लायब्ररीत जायलाही माझी वाट बघावी लागते, ते त्यांना फार लागतं.

कुणी खरंच दुसरी गाडी विकून टाकली आहे का? विमा, पेट्रोल, दुरुस्ती धरून महिन्याचा हिशोब जमतो का? शाळेच्या वेळेला किती थांबावं लागतं? सेडोनासारख्या लांबच्या गावी फिरायला जायचं तर भाड्याची गाडी परवडते का? आणि मुख्य म्हणजे, गाडीतल्या मदतीच्या बटणावर इंग्रजीत बोलावं लागतं, आईला ते जमत नाही. तुमच्या आई-वडिलांना एकटं पाठवता का?