मदत हवी आहे: ऑइल शेलमधलं सेलेनियम जातंय कुठे?

खडकवेडा: तीन आठवडे यातच अडकलोय. ग्रीन रिव्हर शेलचं (अमेरिकेतला सेंद्रिय पदार्थाने भरलेला गाळखडक, म्हणजेच ऑइल शेल) प्रमाणित सॅम्पल एसजीआर-१ लावलं, ज्याचे आकडे आधीच ठरलेले असतात. मॉलिब्डेनम ३५ पीपीएम (दहा लाखात ३५ भाग), बरोब्बर. सेलेनियम ३.५ यायला हवं, येतंय ०.८. पारा जवळजवळ शून्य. आयसीपी-एमएसचं (अणूंच्या वस्तुमानावरून मूलद्रव्यं मोजणारं यंत्र) कॅलिब्रेशन कालच केलंय, चूक तिथे नाही. सोमवारी आकडे द्यायचेत, लवकर सांगा.

आम्लराज: विरघळवलं कसं ते लिहा की! एचएफ (हायड्रोफ्लोरिक आम्ल) घातलं होतं का?

खडकवेडा: हो. एचएफ, नायट्रिक, परक्लोरिक, तिन्ही आम्लं. नेहमीसारखंच.

भट्टीवाला: परक्लोरिक?? त्या शेलचा जवळपास पाव भाग सेंद्रिय कार्बन आहे. पावडरवर थेट ओतलंत तर स्फोट होईल. कृपा करून थांबा.

रंगीत_किरण: एक्सआरएफ (क्ष-किरणांनी मोजणी) करा. गोळी दाबा, ठेवा, मोजा. आम्लांची कटकटच नको.

आम्लराज: पारा ०.३ पीपीएम आहे. एक्सआरएफला तो दिसणार आहे का? प्रत्येक धाग्यावर हेच सांगता.

रंगीत_किरण: निकेल, व्हॅनेडियम, जस्त तर उत्तम दिसतं.

आम्लराज: ते विचारलंय कुणी?

पोर्फिरिन: व्हॅनेडियमचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. तेलात आणि शेलमध्ये पोर्फिरिन असतात हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ ट्राइब्सने १९३४ साली दाखवलं. हिरव्या पानातल्या क्लोरोफिलचा सांगाडा, मधोमध मॅग्नेशियमच्या जागी व्हॅनेडियम! मला अजून अंगावर काटा येतो.

खडकवेडा: छान आहे, पण माझं सेलेनियम? आणि भट्टीवाले, स्फोट कसा होईल? पावडर आधीच ५५० अंशांवर रात्रभर जाळलेली असते. सकाळी फिकट करडी राख हाती येते.

भट्टीवाला: हे पहिल्याच ओळीत यायला हवं होतं! पारा आणि सेलेनियम त्या रात्रीच उडून गेले. मॉलिब्डेनम राखेत टिकतं म्हणून ते बरोबर आलं. आर्सेनिकही तपासा, ६७ यायला हवं.

खडकवेडा: ५१ आलं होतं. ते मी सोडून दिलं होतं.

आम्लराज: भट्टी बंद. कच्ची पावडर, नायट्रिक आणि एचएफ, बंद भांडं, मायक्रोवेव्ह. सेलेनियम ८० वस्तुमानावर वाचू नका, तिथे यंत्रातल्या आर्गॉन वायूच्या दोन अणूंची जोडी (४० + ४०) बसलेली असते. पारा वेगळा मोजा, थेट ज्वलनाच्या यंत्रावर.

खडकवेडा: अर्धा ग्रॅम घेऊ?

भट्टीवाला: नको! ०.१ ग्रॅम. एवढ्या कार्बनने दाब एकदम चढतो. नायट्रिक घालून झाकण न लावता रात्रभर ठेवा, तपकिरी वाफा थांबल्या की मगच बंद करा. वाफा धूरकपाटातच.