पुढची टूरिंग बाईक: हलकी हवी की दमदार?

गोदाकाठ
सापुतारा, जव्हार, भंडारदरा... नाशिकहून महिन्यातून एकदा तरी गाडी निघतेच. येणाऱ्या टूरिंग मॉडेलांकडून माझं एकच मागणं आहे, वजन उतरवा. २०२३ ला आलेली रॉयल एनफिल्डची हिमालयन ४५० घ्या. ४५२ सीसी, ४० पीएस (म्हणजे साधारण ४० हॉर्सपॉवर), छान इंजिन. पण वजन १९६ किलो, आणि त्यावर पॅनिअर (बाजूच्या पेट्या), तंबू, पाणी चढतं ते वेगळंच. गेल्या श्रावणात पेठ रोडला सावळ घाटाच्या अलीकडे माझी गाडी (दुसरी आहे, पण जवळपास एवढीच जड) चिखलात आडवी झाली. एकट्याने उचलेना. टेम्पोवाले दोघे थांबले म्हणून सुटलो. मला १६० किलोची, ३० पीएसची गाडी द्या, आनंदाने घेईन. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंत जीएसटी १८ टक्के आणि त्याहून मोठ्या इंजिनाला ४० टक्के. मग कंपन्यांनी ३५० च्या आतच जीव ओतायला काय हरकत आहे?

राहुडघाट
अजिबात पटलं नाही. समृद्धीवर दुचाकीला बंदी, म्हणजे लांब जायचं तर आपल्याला मुंबई-आग्रा रोडच. पिंपळगाव सोडलं की चांदवडपर्यंत कंटेनरची रांग. मागे बायको, दोन्ही बाजूंना सामान, आणि ८० च्या वेगाला ओव्हरटेक करायचाय. तिथे ३० पीएसची गाडी दम टाकते आणि मागून ट्रक येत असतो. माझ्यासाठी ताकद ही सुरक्षितता आहे. आडवा वारा सुटला की जड गाडी रस्ता धरून राहते, हाही अनुभव आहे. वर्षातून एकदा गाडी आडवी होणार म्हणून उरलेले दिवस कमी ताकदीत काढू?

सिन्नरची_स्वारी
दोघांनीही सीटच्या उंचीचा विषयच काढला नाही. माझी उंची पाच फूट दोन इंच. जुन्या हिमालयन ४११ ची सीट ८०० मिमी होती, ४५० सोबत येते ती ८२५ मिमी. सिग्नलला माझे फक्त चवडे टेकतात. उतारावर, खडीवर, मागे सामान असताना १९६ किलो चवड्यांवर पेलून बघा. गाडी पडते ती चालताना नाही, थांबताना. ७८० ची सीट कारखान्यातूनच द्या, वेगळी विकत घ्यायला लावू नका. एवढं झालं तर ताकद कितीही वाढवा, माझी तक्रार नाही.

राहुडघाट
ताई, हे मात्र शंभर टक्के मान्य. हा विचार मी केलाच नव्हता.

पंक्चर_पेठ
वजन-ताकद चालू द्या, पण स्पोकची चाकं ट्यूबलेसच हवीत आणि बेस मॉडेललाही हवीत. साध्या स्पोक रिमला प्रत्येक तारेसाठी भोक असतं, तिथून हवा जाते, म्हणून आत ट्यूब लागते. पंक्चर झालं की चाक काढा, टायर सोडवा. हरसूलच्या पुढे भर पावसात दोन तास गेले माझे. ट्यूबलेस असतं तर प्लग मारून, पंपाने हवा भरून पंधरा मिनिटांत निघालो असतो. खडकाळ रस्त्यामुळे अलॉय (बिनतारेची ओतीव चाकं) नको, म्हणून हा हट्ट.

गोदाकाठ
ट्यूबलेसला +१. सिन्नरच्या ताईंचंही पटलं. पण राहुडघाट, ओव्हरटेकला नुसते पीएस बघू नका, ते किती किलो ओढतायत तेही बघा. ४० पीएस १९६ किलोला आणि ३० पीएस १६० किलोला, हिशोब मांडा. फरक वाटतो तेवढा नाही.

राहुडघाट
हिशोब रिकाम्या गाडीचा झाला. माझी बायको आणि सामान मिळून ८० किलो, ते दोन्ही गाड्यांवर तेवढंच राहणार. आता परत मांडा.