मदत हवी आहे: शाळेच्या ग्रंथालयात मुलं एकमेकांत मिसळतील असे कार्यक्रम सुचवा

अर्धवेळ_ग्रंथपाल

नमस्कार मंडळी,

परळ भागातल्या एका अनुदानित शाळेत मी अर्धवेळ ग्रंथपाल आहे. नवीन मुख्याध्यापिका बाई उत्साही आहेत. त्यांचं म्हणणं, दर महिन्याला एखादा विषय घेऊन ग्रंथालयात कार्यक्रम करा, त्या निमित्ताने मुलं एकत्र येतील. मला कल्पना पटली आहे, पण नेमकं करायचं काय इथेच घोडं अडलंय.

थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे उत्तरं देताना सोपं जाईल. आमच्याकडे आठवी 'अ' सेमी इंग्रजी आणि 'ब' पूर्ण मराठी. दोन्ही तुकड्या एकाच मजल्यावर, पण मधल्या सुट्टीत डबेसुद्धा वेगळे खातात. त्यात यंदा जवळची एक शाळा पटसंख्येअभावी बंद झाली आणि तिथली मुलं आमच्याकडे आली. त्यांचा तिसराच कंपू. काहींच्या घरी हिंदी, काहींच्या घरी भोजपुरी. प्राथमिकचे वर्ग दुपारच्या अधिवेशनात भरतात, त्यामुळे मोठ्यांना लहान मुलं माहीतच नाहीत.

वाचन प्रेरणा दिन, मराठी भाषा गौरव दिन, ग्रंथदिंडी हे सगळं होतं. म्हणजे दीपप्रज्वलन, पाहुण्यांचं भाषण, वक्तृत्व स्पर्धा आणि आभार. भाषणं करणारी तीच ती चार-पाच मुलं, बाकीची सतरंजीवर बसून पंखे मोजतात. असं काही नकोय.

मर्यादा: खोलीत चाळीसेक मुलं कशीबशी मावतात. तास ३५ मिनिटांचा. शाळा सुटल्यावर कोणाला थांबवता येत नाही, सगळ्यांचे क्लास असतात. खर्चाला जवळजवळ काहीच नाही. आणि परीक्षेच्या काळात खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे येऊन पडतात, तेव्हा ग्रंथालय बंद.

कोणी असं काही केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.

फास्ट_लोकल

मुंबईची मुलं आहेत, ट्रेनचा विषय घ्या! बाकं समोरासमोर लावून डबे करायचे. एक डबा रहस्यकथांचा, एक विज्ञानाचा, एक विनोदी. दारावर इंडिकेटर. 'पुढील स्टेशन' अशी घोषणा झाली की मुलांनी डबा बदलायचा. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली, ती माहिती भिंतीवर लावता येईल. फोटोही झकास येतील.

चाफेकळी

फोटो येतील हो, पण मुलं मिसळतील का? मी डोंबिवलीला शिकवते. आमच्याकडे असा 'विषय' ठरला की कलाशिक्षक आणि दोन हुशार मुली शाळा सुटल्यावर बसून सजावट करतात, बाकीचे येऊन बघून जातात. (थर्माकोलच्या सजावटीवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, तरी शाळांच्या माळ्यावरून तो दरवर्षी खाली उतरतोच, ते एक असो.)

ट्रेन चांगली आहे, फक्त उलट्या बाजूने करा. डबे मुलांनीच लावायचे. एका डब्याला सहा मुलं: दोन 'अ'ची, दोन 'ब'ची, दोन नवीन आलेली. नावं तुम्ही ठरवायची, त्यांना गट निवडायला सांगितलंत तर मैत्रिणी मैत्रिणीच बसतील. डब्यात कोणती पुस्तकं ठेवायची यावर त्यांना भांडू दे. कोणतं पुस्तक 'विनोदी' आणि कोणतं 'रहस्य' यावर आमच्या सातवीच्या मुलांची अशी जुंपली होती की घंटा झालेली कळली नाही. एकमेकांची नावं त्यांना तेव्हा कळली. कार्यक्रमाच्या दिवशी तर सगळे पाहुण्यांकडेच बघत होते.

अर्धवेळ_ग्रंथपाल

@चाफेकळी, हे पटलं. पण बाईंना शेवटी बक्षीस समारंभ हवा असतो. स्पर्धा नसेल तर मुलं येतील का, अशी त्यांना शंका आहे.

चाफेकळी

येतील. वर्गाचा तास बुडतोय म्हटल्यावर कोण येणार नाही? बाईंना सांगा, बक्षीस सबंध डब्याला देऊ. एकट्या मुलाला बक्षीस दिलंत की बाकीचे पाच जण पुन्हा पंखे मोजायला मोकळे.

दाखल_नोंदवही

ताई, मी निवृत्त शालेय ग्रंथपाल. तुमचा प्रश्न वाचून माझी जुनी खोली डोळ्यांपुढे आली, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांसकट. तीन गोष्टी सांगते, लांबतील.

पहिली कपाटांची. तुमच्याकडेही कुलूप असणार, विचारायलाच नको. पुस्तक गहाळ झालं तर पडताळणीत आपल्या नावावर येतं, म्हणून आपण कुलूप घालतो. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम १९३१ साली मांडले, त्यातला पहिलाच 'पुस्तके वापरासाठी आहेत' असा. परीक्षेला सगळे पाठ करतो आणि नोकरी लागली की किल्ल्यांचा जुडगा कमरेला. यावर मी काढलेला मार्ग असा: पालकांकडून आणि माजी विद्यार्थ्यांकडून जुनी गोष्टींची पुस्तकं भेट घ्यायची, त्यांची नोंद भेटपुस्तकांच्या वेगळ्या वहीत करायची आणि मुख्याध्यापकांची सही घेऊन ती उघड्या पेटीत ठेवायची. कार्यक्रम त्या पेटीवर करायचे. एखादं गेलं तर गेलं, मूल घरी घेऊन गेलंय म्हणजे वाचेल तरी.

दुसरी गोष्ट दोन अधिवेशनांची. सकाळची आणि दुपारची मुलं भेटूच शकत नाहीत, तर त्यांना पत्रमैत्री करायला लावा. पुस्तकाच्या मागच्या आतल्या बाजूला देवघेव कार्डासाठी कागदी खिसा असतो ना, त्यात एक कोरं कार्ड जादा घाला. वाचणाऱ्याने पुढच्यासाठी एक ओळ लिहायची आणि खाली नाव, इयत्ता. 'पान ४० पर्यंत कंटाळा येतो, मग सोडू नको', 'यातला कुत्रा मरतो, आधीच सांगून ठेवतो', अशा ओळी येतात. चौथीतल्या एका मुलाने नववीच्या मुलीला कार्डावर उलट प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर वाचायला तो रोज येऊन पेटी चिवडायचा. शिक्षकांनी शुद्धलेखन तपासायचं नाही, एवढंच पथ्य पाळा. लाल शाई लागली की कार्डं बंद पडतात.

यालाच जोडून 'गुपित पुस्तक' करता येतं. रद्दीच्या वर्तमानपत्रात पुस्तक गुंडाळायचं, वर नाव लिहायचं नाही, तीन खुणा लिहायच्या. 'अ'च्या मुलांनी गुंडाळलेली पुस्तकं 'ब'ला आणि 'ब'ची 'अ'ला. कोणी गुंडाळलं ते आत चिठ्ठीवर. खर्च दोऱ्याचा.

तिसरी गोष्ट तारखांची. वाचन प्रेरणा दिन, म्हणजे डॉ. कलामांचा जन्मदिवस, १५ ऑक्टोबरला. तेव्हा सहामाही परीक्षा नाहीतर दिवाळीच्या सुट्टीची गडबड. २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन वार्षिक परीक्षांच्या तोंडावर. त्या दिवशी परिपत्रकात सांगितलेलं करा आणि मोकळे व्हा. खरं काम जून, जुलै आणि डिसेंबर, जानेवारीत. जुलैमध्ये मैदान चिखलात असतं, मुलं मधल्या सुट्टीत कोंडून घेतल्यासारखी फिरतात, तेव्हा ग्रंथालयाचं दार उघडं ठेवलंत तर बोलवावं लागत नाही. १२ ऑगस्ट हा रंगनाथनांचा जन्मदिवस, ग्रंथपाल दिन. तो आपला हक्काचा, त्या दिवशी खोली मागितली तर बाई नाही म्हणणार नाहीत.

उनाड_पाऊस

ग्रंथालयात रात्रीचा मुक्काम! टॉर्च, भूतकथा, चादरी. परदेशात करतात.

चाफेकळी

@उनाड_पाऊस, आठवीच्या मुलींच्या आयांकडे परवानगी मागायला तुम्ही जा. वॉचमन, स्वच्छतागृह, जेवण, सकाळची घरवापसी... नको. भूतकथाच हव्यात तर आषाढी अमावास्येच्या आसपास दिवसा करा. खिडक्यांना चादरी बांधा, मधे समई. दिव्याची अवस म्हणून शाळेतही खपून जाईल. गोष्ट मात्र मुलांनी घरून आणायची, आपापल्या गावची. कोकणातलं भूत वेगळं, घाटावरचं वेगळं, बिहारचं वेगळं. नवीन मुलांना वर्गात काही सांगायला मिळत नाही, भुताची गोष्ट सांगताना त्यांचं मराठी कोणी तपासत नाही.

साचेखाता

परळ म्हणालात म्हणून राहवलं नाही. आमचे वडील गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या विभागात होते. तुमच्या दारात एवढं मोठं ग्रंथालय बसलंय, ते वापरा की.

'माणसांचं ग्रंथालय' म्हणून एक प्रकार आहे. २००० साली डेन्मार्कमध्ये, कोपनहेगनच्या मंडळींनी सुरू केला, आता बऱ्याच देशांत होतो. माणूसच पुस्तक. वाचकाने समोर बसायचं, प्रश्न विचारायचे, ठरावीक वेळ झाली की पुस्तक परत. एखाद्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं नसेल तर पुस्तकाने सरळ नाही म्हणायचं.

परळ-लालबागमध्ये अजून अशी घरं आहेत जिथले आजोबा गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला कापड गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. नातवंडांना संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांचं नाव कदाचित माहीत असेल, पण 'बदली' कामगार म्हणजे रोज सकाळी गेटवर उभं राहून आज काम मिळतंय का ते बघणारा माणूस, हे माहीत नसतं. खानावळवाल्या बाईकडे डबा कसा बांधलेला असायचा, एका खोलीत पाळ्या लावून माणसं कशी झोपायची, भोंग्यावर घरातली कामं कशी चालायची, हे आजोबांना विचारा. फक्त 'संपाबद्दल सांगा' असं विचारू नका, भाषण सुरू होईल. 'पगार किती होता आणि तो हातात आल्यावर पहिल्यांदा काय घ्यायचात?' असं विचारा.

आणि फक्त गिरणीच नको, नाहीतर पुन्हा आमच्यासारख्या जुन्या मराठी घरांचंच कौतुक होईल. नवीन मुलांच्या घरातलं कोणी टॅक्सी चालवत असेल, कोणी दादरच्या फुलबाजारात पहाटे तीनला उभं असेल, कोणी केईएममध्ये वॉर्डात काम करत असेल. ती सगळी पुस्तकंच. आजोबा 'ब'च्या मुलाचे, तर वाचक 'अ'चे आणि नवीन आलेले. स्वतःच्या आजोबांना स्वतः वाचायचं नाही.

अर्धवेळ_ग्रंथपाल

@दाखल_नोंदवही बाई, कार्डांची कल्पना उद्यापासूनच सुरू करते, त्यासाठी कोणाची परवानगीही लागणार नाही.

@साचेखाता दादा, तुमची कल्पना वाचून आमच्या मुख्याध्यापिका बाई खुर्चीतून उठल्याच. पण दोन शंका आहेत. बाहेरची माणसं शाळेत आणायची म्हणजे सुरक्षिततेचं काय? आणि आमची मुलं अनोळखी माणसापुढे तोंडच उघडत नाहीत.

दाखल_नोंदवही

सुरक्षिततेचं: प्रत्येक 'पुस्तका'चं नाव आधी मुख्याध्यापकांकडे द्या, फाटकावर नोंद करा, सगळं एकाच खोलीत किंवा सभागृहात दारं उघडी ठेवून करा आणि प्रत्येक दोन गटांमागे एक शिक्षक बसवा. मूल आणि पाहुणा एकटे कुठेही नकोत. फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकण्याआधी विचारा.

तोंड उघडण्याचं: मुलांना एकटं बसवू नका, तिघांना बसवा. एकाने विचारायचं, एकाने लिहायचं, एकाने घड्याळ बघायचं. घड्याळवाला दहा मिनिटांनी आपोआप प्रश्न विचारायला लागतो. आदल्या तासाला प्रश्न लिहून घ्या आणि 'हो' किंवा 'नाही' एवढंच उत्तर येईल असे प्रश्न मुलांकडूनच खोडून घ्या. लिहिलेलं एका वहीत उतरवून, पुठ्ठा घालून त्याच पेटीत ठेवा. मुलं सगळ्यात जास्त तीच वही नेतील.

ओळखपाळख

पुस्तकं कमी पडली तर: बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासूनचं, जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी गोष्टी मुक्त परवान्याखाली आहेत, छापून वापरता येतात. तिथे बऱ्याचदा एकच गोष्ट मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजीत सापडते. तुमच्या तीन कंपूंना तीच गोष्ट दोन भाषांत जोडीने वाचायला द्या, एक पान याचं, एक पान त्याचं. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तकंही स्वस्त असतात.

फास्ट_लोकल

माझी ट्रेन कुठे गेली?

अर्धवेळ_ग्रंथपाल

@फास्ट_लोकल, गाडी येतेय, उशिराने! बाईंशी बोलून सध्या असं ठरलंय: जुलैमध्ये गुपित पुस्तक आणि दिव्याच्या अवसेला भुतांच्या गोष्टी, १२ ऑगस्टला चाफेकळी म्हणतात तशी मुलांनी लावलेली ट्रेन, मग गणपती आणि परीक्षेत काहीच नाही (लालबाग-परळ आहे, गणपतीत निम्मा वर्ग मंडपात असतो). माणसांचं ग्रंथालय जानेवारीत, १८ तारखेच्या आसपास. बक्षीस डब्याला द्यायचं बाईंनी कबूल केलंय, प्रमाणपत्रं मात्र त्या छापणारच.

आता एकच मदत हवी. गिरणीत काम केलेल्या स्त्रिया मिळतील का? आजोबा बरेच तयार होतील असं दिसतंय, पण आमच्या मुलींनी विचारलं, बायका नव्हत्या का कामाला? रीळखात्यात (सूत गुंडाळायच्या विभागात) काम केलेली कोणाची आजी, मावशी असेल तर कळवा. आणायला-सोडायला आम्ही येऊ.

साचेखाता

माझी आत्या होती कामाला. लालबागलाच राहते, कान थोडे कमी आहेत, बाकी खणखणीत. तिला विचारून सांगतो. दुपारी एक ते तीन झोपते, ती वेळ सोडून कधीही.